लुकलाचा उतार
नेपाळातील लुकलाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आणि सुमारे १२ टक्के चढाची आहे. एडमंड हिलरी यांनी १९६४ साली ती बांधवून घेतली. सपाट शेतजमीन द्यायला शेतकरी राजी झाले नाहीत, म्हणून ती डोंगरउतारावर गेली. (माती दाबण्यासाठी शेर्पांना नाचायला लावले होते!) २००६ च्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ला मात्र विमानतळ म्हणजे सपाट पाट एवढेच ठाऊक होते. चढ गेला की शेतकऱ्यांचा तो नकारही पुसला जातो, असे आम्हांस वाटते. ‘एरोसॉफ्ट’च्या ‘लुकला एक्स’सारख्या पूरक दृश्यसंचांनी तो चढ परत आणला. घरबसल्या उतरणाऱ्या वैमानिकाचा वेग आता चढावरच ओसरतो; उड्डाणाच्या वेळी तो दरीच्या दिशेने धावत सुटतो.