समुद्रपारची शिदोरी : पहिल्या महायुद्धांतील मराठा शिपाई व घरून जाणारे जिन्नस

मराठ्यांच्या मोहिमांचा अभ्यास करणारास रसदेचा प्रश्न टाळतां येत नाहीं. डिसेंबर १७६० मध्यें गोविंदपंत बुंदेले पडले, भाऊसाहेबांच्या छावणीची रसद तुटली आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं उपाशी फौज पानिपताच्या मैदानांत उतरली, हें सर्वश्रुत आहे. परंतु ती रसद सरकारची अथवा बाजारबुणग्यांची. शिपायाच्या घरून त्याच्या नांवाची शिदोरी निघावी व समुद्र ओलांडून ती नेमकी त्याच्याच हातीं पडावी, ही गोष्ट अलीकडची आहे. तिला टपालखातें, आगबोट व पलटणीचा क्रमांक हीं तिन्ही लागतात. १९१४-१८ च्या महायुद्धांत तीं तिन्ही जुळून आलीं होतीं. त्या काळच्या या शिदोरीकडे कागदपत्रांच्या संग्राहकांचें लक्ष वेधावें, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

करवीर राज्याचा या युद्धाशीं निकट संबंध होता. श्रीशाहू छत्रपति महाराजांनीं मराठ्यांच्या लष्करभरतीस जातीनें पाठबळ दिलें. कोंकण व देश या दोन्ही भागांतील मराठे ज्यांत भरलेले होते, त्या १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या पलटणी सहाव्या (पुणें) डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियांत गेल्या. खडकीच्या सॅपर्स व मायनर्सच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्यांतील मराठे त्यापूर्वींच फ्रान्सांत पोंचले होते आणि २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं न्यूव्ह शापेल येथें या कंपन्यांची मोठी हानि झाली.

कोल्हापुराहून निघालेल्या पुडक्याचा मार्ग कसा असे हें ध्यानांत घेतलें पाहिजे. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ सालींच सुरू झालेला होता. मिरजेवरून पुणें, पुण्यावरून मुंबई, तेथून आगबोटीनें बसरा आणि बसऱ्याहून तैग्रीस नदींतील होडक्यांनीं वर, असा तो प्रवास होय. १९१६ च्या आरंभीं नदींत चालणाऱ्या बोटींचा एवढा तुटवडा होता कीं, सरकारी सामानच बसऱ्यास अडून पडे. अशा वाटेवर नासणारा पदार्थ टिकणें शक्य नव्हतें. गुळासारखा जिन्नस मात्र टिकतो. महाराजांनीं १८९५ मध्यें वसविलेली शाहूपुरीची पेठ याच व्यापारावर वाढली आणि गूळ हा हिंदी शिपायाच्या सरकारी शिध्यांतहि मोडत असे.

संग्राहकांनीं येथें एक खूण लक्षांत ठेवावी. त्या वेळीं फौजेसाठीं हिंदुस्थानच्या तिकिटांवर ‘आय. ई. एफ.’ हीं अक्षरें छापलीं जात. मेसोपोटेमियांतील फौजेस ‘डी’ हें अक्षर होतें, तर फ्रान्सांतील फौजेस ‘ए’. रणांगणावरील टपालकचेरीच्या शिक्क्यांत गांवाचें नांव नसे, केवळ क्रमांक असे. म्हणून स्थळाचा उल्लेख नसलेला लखोटा निरुपयोगी समजून टाकूं नये. त्या क्रमांकावरूनच पलटण कोठें होती हें ठरवितां येतें.

घरच्या शिदोरीखेरीज सार्वजनिक देणग्याहि होत्या. लंडनमध्यें १९१४ सालीं हिंदी शिपायांसाठीं स्वतंत्र फंड निघाला. मुंबईस लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें स्त्रियांची शाखा कपडे व इतर जिन्नस जमवीत असे. १९१४ च्या नाताळांत राजकन्या मेरी यांच्या नांवें पितळी डब्या वांटण्यांत आल्या, त्यांतील वर्गवारी मनोरंजक आहे. गुरख्यांस गोऱ्या शिपायांप्रमाणेंच जिन्नस, शिखांस तंबाखू वगळून खडीसाखर व मसाल्याची डबी, आणि बाकीच्या सर्व हिंदी शिपायांस सिगारेटी, खडीसाखर व मसाला. धर्माचा विचार येथें कसोशीनें केलेला दिसतो. परंतु मराठा, रजपूत, डोगरा, पठाण हे सारे ‘बाकीचे’ या एका खान्यांत पडले.

या सर्व व्यवस्थेची कसोटी कुट-अल-अमारा येथें लागली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जनरल टाउनशेंड यांची फौज तेथें वेढ्यांत होती आणि वर सांगितलेल्या तिन्ही मराठा पलटणी तींत होत्या. शहरांत धान्य सांपडलें, पण दळण्याची सोय अपुरी. तेव्हां जात्याचे दगड विमानांतून टाकावे लागले. एप्रिलच्या उत्तरार्धांत विमानांनीं पीठ, साखर, मीठ वगैरे सुमारें १९,००० पौंड माल टाकला. एवढ्या फौजेस तो कोठून पुरणार? २४ एप्रिलच्या रात्रीं ‘जुल्नार’ ही आगबोट २७० टन अन्नसामग्री घेऊन निघाली, ती तुर्कांच्या हातीं पडली.

गोरे शिपाई घोड्याचें मांस खात. हिंदी शिपायांपैकीं बहुतेकांनीं तें फार दिवस नाकारलें आणि त्यांच्यांत रक्तपिती माजली. हिंदुस्थानांतील धर्माधिकाऱ्यांची अनुमति तारेनें मागविण्यांत आली, तरी पुष्कळांचें मन वळेना. तें वळलें एप्रिलमध्यें, मरण दारांत आल्यावर. याचें कारण केवळ धर्मश्रद्धा नव्हे. परत गेल्यावर गांव व भाऊबंद काय म्हणतील, पंक्तीला घेतील कीं नाहीं, ही धास्ती त्यामागें होती. वेढ्याच्या आंत घरून गुळाचा खडाहि जाऊं शकत नव्हता, परंतु घरचें भय मात्र बिनहरकत पोंचलें होतें. धर्मपीठाच्या आज्ञेपेक्षां स्वतःच्या बापाचे वा थोरल्या भावाचे ‘खा, आम्ही कांहीं म्हणणार नाहीं’ एवढे दोन शब्द त्या शिपायास अधिक मोलाचे वाटले असते, असें मानण्यास जागा आहे. ही खरी शिदोरी. आणि नेमकी तीच पाठविण्याचा मार्ग कोणाजवळ नव्हता.

शरण आलेल्यांची संख्या, बिनलढाऊ नोकरांसह, सुमारें १३,००० होती. त्यांतील अनेक हिंदी कैदी रास-अल-ऐन येथें लोहमार्गाच्या कामास जुंपले गेले आणि पुष्कळ परत आले नाहींत. १९१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या चौकशीमंडळाच्या अहवालानें वाहतूक व वैद्यकीय व्यवस्थेवर कडक ठपका ठेवला. पण तो सरकारी रसदेचा हिशेब झाला. घराघरांतला हिशेब त्यांत नाहीं.

आमच्या गांवोगांवीं त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. या गांवांतून इतके गेले, इतके पडले, एवढेंच त्या सांगतात. शिरोळ तालुक्यांतील टाकळी तर ‘सैनिक टाकळी’ या नांवानेंच ओळखली जाते. पाटीवर माणसांची मोजदाद आहे; त्यांना काय हवें होतें, काय पाठविलें गेलें व काय पोंचलें नाहीं, हें तिच्यावरून कळत नाहीं. तें कळेल टपालाच्या पावतीवरून, परत आलेल्या पुडक्याच्या वेष्टनावरून, पितळी डबीवरून आणि ‘तिकडे अन्नाचा बाट झाला तरी मनांत आणूं नको’ अशा अर्थाचें एखादें पत्र जपलें गेलें असल्यास त्यावरून. सनदा व महजर जपणाऱ्या घरांनीं हे कागदहि त्याच रुमालांत बांधावे. अशी पत्रें कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांची नक्कल तरी करून ठेवावी. कारण तो कागद वरचेवर जीर्ण होत आहे, आणि तो वाचून दाखविणारीं माणसें केव्हांच गेलीं.