दोनदां परत घेतलेला फोन

इ. स. १९९५ च्या मार्च महिन्यांत दक्षिण कोरियांतील गुमी या गांवीं एक विलक्षण होळी पेटली. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या कारखान्याच्या पटांगणांत सुमारें दोन हजार कामगार उभे होते. त्यांच्या कपाळाला 'गुणवत्ता प्रथम' अशा अर्थाच्या अक्षरांच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच हातचे सुमारें दीड लाख मोबाइल फोन व इतर यंत्रें घणांनीं फोडून अग्नीच्या स्वाधीन करण्यांत आलीं. कंपनीचे अध्यक्ष ली कुन-ही यांनीं नववर्षाची भेट म्हणून कांहीं फोन वाटले होते, व त्यांतले कित्येक धड चालत नाहींत असें त्यांच्या कानीं आलें होतें. स्वस्त व सुमार मालाची कंपनी, हा लौकिक त्यांना पुसून टाकावयाचा होता. त्या दिवशीं कित्येक कामगारांना रडूं आवरलें नाहीं, असें सांगतात. पुढें कंपनीचा उत्कर्ष वर्णन करितांना तिचे लोक या होळीची कथा मोठ्या अभिमानानें सांगत. आणि तो अभिमान अनाठायीं नव्हता, कारण २०१२ सालीं मोबाइल फोन विकण्यांत ही कंपनी जगांत पहिली ठरली.

त्या होळीनंतर एकवीस वर्षांनीं याच कंपनीचे फोन पुन्हां पेटले. या वेळीं ते कोणी पेटविले नव्हते. गिऱ्हाइकांच्या उशाशीं, मोटारींत आणि खिशांत ते आपोआप पेटले. 'गॅलॅक्सी नोट ७' या नांवाच्या फोनची ही २०१६ सालची हकीकत. फोन जळाले याचें नवल फारसें नाहीं. नवल आहे तें गिऱ्हाइकांच्या विश्वासाचें. तो पहिल्या आगीनें गेला नाहीं, दुसऱ्या आगीनें गेला. आणि गेलेला विश्वास बऱ्याच अंशीं परतही आला.

फोन पेटतो कसा, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. आजच्या फोनांत लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. तिच्या पोटांत धनाग्र व ऋणाग्र अशा दोन पातळ पत्र्यांची गुंडाळी असून, त्या दोहोंमध्यें प्लास्टिकचा, माणसाच्या केसाहूनही पातळ असा पडदा असतो. आणि सर्व कांहीं एका ज्वालाग्राही द्रवांत भिजलेलें असतें. पडदा शाबूत आहे तोंवर सर्व क्षेम. तो कोठें फाटला, टोचला किंवा दबला, कीं दोन्ही अग्रें एकमेकांस भिडतात, उष्णता उत्पन्न होते, त्या उष्णतेनें आणखी उष्णता उत्पन्न होते, आणि थोड्याच वेळांत धूर व ज्वाळा बाहेर पडतात. फोन पातळ हवा आणि बॅटरी दिवसभर पुरणारी हवी, असा हट्ट गिऱ्हाइकानें धरला व कारखानदारानें तो पुरविला, कीं त्या पडद्याभोंवतालची जागा कमी होत जाते.

हा धोका नवा नव्हता. १९८९ सालीं कॅनडांतील मोली एनर्जी या कंपनीच्या लिथियम धातूच्या बॅटऱ्या जपानांत फोनमध्यें पेटल्या, आणि त्या एका प्रकरणानें ती कंपनी बुडाली. त्यानंतर १९९१ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें अधिक सुरक्षित अशी लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आणली. पण २००६ मध्यें सोनीच्याच बॅटऱ्यांपायीं डेल कंपनीला मांडीवरच्या संगणकांच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. आपल्याकडील लोकांना त्यापेक्षां २००७ च्या ऑगस्टमधील नोकियाचें प्रकरण अधिक आठवत असेल. 'बीएल-५सी' या जातीच्या, मात्सुशिता कंपनीनें बनविलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याचा संभव आहे, असें नोकियानें स्वतःच जाहीर केलें होतें. सर्व जगांत तसे प्रकार घडले होते सुमारें शंभर, आणि त्यांत कोणास गंभीर इजा झालेली नव्हती. परंतु भारतांत त्या वेळीं घरोघर नोकियाचाच फोन. त्यामुळें बातमी येतांच जो तो फोनचें मागचें झांकण उघडून बॅटरीवरचा तो सव्वीस अक्षरांचा क्रमांक डोळे ताणून वाचूं लागला, आणि शहरोशहरीं दुरुस्तीच्या केंद्रांपुढें रांगा लागल्या. ज्याचा क्रमांक यादींत होता त्याला नवी बॅटरी फुकट मिळाली, आणि प्रकरण मिटलें. बॅटरी काढून दुसरी घालतां येत होती, ही त्यांतली मोठी सोय होती. पुढच्या फोनांतून ही सोय गेली. बॅटरी आंत चिकटविलेली आली, आणि म्हणून बॅटरी बिघडली तर सबंध फोनच परत घेणें भाग झालें.

नोट ७ हा फोन २ ऑगस्ट २०१६ रोजीं न्यूयॉर्क येथें मोठ्या थाटानें जगापुढें मांडण्यांत आला. अमेरिकेंतील प्रतिस्पर्धी ॲपल कंपनीचा नवा फोन सप्टेंबरांत यावयाचा होता. त्याच्या आधीं बाजार गांठणें हें सॅमसंगला अगत्याचें वाटत होतें. कांठाकडे वळत गेलेली कांच, डोळ्यांच्या बुबुळावरून धनी ओळखण्याची युक्ति, पाण्यांत न बिघडणारी बांधणी, सारें त्यांत होतें. आधीच्या नोट ५ ची बॅटरी ३००० मिलिअँपिअर-तासांची होती, ती यांत ३५०० ची झाली. १९ ऑगस्टला विक्री सुरू झाली, आणि आठवडा लोटतो न लोटतो तोंच काळवंडलेल्या, वितळलेल्या फोनांचीं चित्रें येऊं लागलीं.

२ सप्टेंबरला कंपनीच्या मोबाइल विभागाचे प्रमुख को डोंग-जिन यांनीं सोल येथें वार्ताहरांपुढें मान लववून क्षमा मागितली. पस्तीस प्रकार उघडकीस आले होते. दहा लाख फोनांमागें चोवीस सदोष, असें प्रमाण सांगण्यांत आलें. एवढ्यावरून पंचवीस लाख फोन बदलून देण्याचें कंपनीनें कबूल केलें. त्या वेळीं कंपनीची स्तुतीच झाली, आणि ती योग्यच होती. नफ्याकडे न पाहतां एवढा माल परत घेणारे कारखानदार थोडे. विश्वास डळमळला, पण ढळला नाहीं. पुष्कळ गिऱ्हाइकांनीं पैसे परत न घेतां त्याच जातीचा नवा फोन मागितला.

परंतु या घाईंत तीन चुका झाल्या. अमेरिकेंत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेसाठीं एक सरकारी मंडळ आहे. सदोष माल परत मागवावयाचा तो त्या मंडळाच्या विचारानें, अशी तेथील रीत. कंपनीनें तिच्याआधींच आपली योजना जाहीर केली. मंडळाचा रीतसर आदेश निघाला १५ सप्टेंबरला; तोंवर अमेरिकेंत बॅटरी तापल्याचे ९२ प्रकार व भाजल्याचे २६ प्रकार नोंदले गेले होते. मधल्या दोन आठवड्यांत लोकांनीं कोणाचें ऐकावें? दुसरी चूक चीनविषयीं. चीनमधील फोनांत निराळ्या कारखान्याची बॅटरी आहे, सबब ते सुरक्षित, असें सांगून तेथील बहुतेक फोन वगळण्यांत आले. इतरांना भरपाई आणि आम्हांला आश्वासन, असें चिनी गिऱ्हाइकांच्या मनानें घेतलें.

तिसरी चूक सर्वांत मोठी, आणि ती प्रामाणिकपणानेंच झालेली दिसते. बॅटऱ्या दोन ठिकाणांहून येत होत्या: एक सॅमसंगचीच भावंड कंपनी, सॅमसंग एसडीआय; दुसरी अँपेरेक्स टेक्नॉलॉजी. पहिल्या आगी एसडीआयच्या बॅटऱ्यांच्या होत्या. तेव्हां रोग सांपडला असें धरून चालून दुसऱ्या बॅटरीचे फोन लोकांच्या हातीं देण्यांत आले. नवा फोन ओळखूं यावा म्हणून त्याच्या पडद्यावरील बॅटरीचें पांढरें चिन्ह हिरवें करण्यांत आलें. हिरवें दिसलें कीं निर्धास्त राहावें, असा त्याचा अर्थ. मूळ कारण पुरतें हातीं लागण्याआधीं कंपनीनें आपला शब्द त्या हिरव्या चिन्हांत घालून ठेवला होता.

५ ऑक्टोबरला अमेरिकेंत लुइव्हिलहून बाल्टिमोरकडे निघणाऱ्या साउथवेस्ट कंपनीच्या विमानांत, उड्डाणापूर्वीं, एका प्रवाशाच्या फोनमधून धूर निघूं लागला. विमान रिकामें करावें लागलें. तो फोन बदलून मिळालेला, हिरव्या चिन्हाचा होता. त्यानंतरच्या चारपांच दिवसांत बदलून दिलेले आणखी फोन पेटले. ९ ऑक्टोबरला अमेरिकेंतील मोठ्या दूरध्वनि-कंपन्यांनीं तो देण्याचें थांबविलें. ११ ऑक्टोबरला सॅमसंगनें त्याचें उत्पादनच कायमचें बंद केलें, आणि चीनमधले सुमारें एक लाख नव्वद हजार फोनही अखेर परत मागविले. त्या एका दिवसांत कंपनीच्या भागांची किंमत आठ टक्क्यांनीं उतरली. तिमाहीच्या नफ्याचा ७.८ लाख कोटी वॉनचा अंदाज ५.२ लाख कोटींवर आणावा लागला.

पैशाचा तोटा मोजतां येतो. १५ ऑक्टोबरपासून अमेरिकेंतील विमानांत हा फोन, बंद करूनसुद्धां, नेण्यास मनाई झाली. भारतांत तो विकलाच गेला नव्हता; ५९,९०० रुपये किंमत जाहीर होऊन विक्री थांबली होती. तरी परदेशांतून येणाऱ्यांच्या खिशांत तो असेल म्हणून नागरी विमानवाहतूक खात्यानें सप्टेंबरांतच त्याच्या वापरावर बंधनें घातलीं होतीं. ज्यांनीं हा फोन जन्मांत पाहिला नाहीं, त्यांनाही विमानांत बसल्यावर त्याचें नांव धोक्याची सूचना म्हणून ऐकूं येऊं लागलें. कोट्यवधि रुपये खर्चून नांव दुमदुमवावें, आणि तें असें दुमदुमावें! २३ सप्टेंबरला सिंगापुराहून चेन्नईस येणाऱ्या इंडिगोच्या विमानांत सामानाच्या कप्प्यांतून धूर निघाला. तो सॅमसंगचाच, पण चार वर्षांपूर्वींचा नोट २ होता. एखादा जुना फोन विझविला गेला, एवढीच ती बातमी इतर वेळीं झाली असती. या वेळीं ती देशभर गाजली. संशय एका यंत्रावरून घराण्यावर गेला होता.

परतीची तऱ्हाही लोकांच्या लक्षांत राहिली. अमेरिकेंतील गिऱ्हाइकांकडे फोन परत पाठविण्यासाठीं आगीस दाद न देणारें अस्तर लावलेली पेटी आली, आणि सोबत हातमोजे आले. पेटी विमानानें पाठवूं नये, अशी ताकीद होती. कालपर्यंत ज्याला गालाशीं धरलें, त्याला आज हातमोजे घालून उचलावयाचें! इतकें होऊनही कांहीं लोक फोन सोडीनात. त्यांना तो खरोखरच आवडला होता. अखेर कंपनीनें दुरूनच संदेश पाठवून त्याचें विद्युद्भरण प्रथम साठ टक्क्यांवर व पुढें अमेरिकेंत अजिबात बंद केलें. जानेवारी २०१७ पर्यंत विकलेल्या सुमारें ३० लाख फोनांपैकीं ९६ टक्के परत आले.

त्याच महिन्याच्या २३ तारखेस को डोंग-जिन पुन्हां सोल येथें वार्ताहरांपुढें उभे राहिले. सातशें अभियंत्यांनीं दोन लाख फोन व तीस हजार बॅटऱ्या तपासल्या होत्या. शिवाय बाहेरच्या तीन संस्थांकडून स्वतंत्र चौकशी झाली होती. निष्कर्ष चमत्कारिक होता. पहिल्या बॅटरीचें वेष्टण आंतल्या गुंडाळीला अपुरें पडून वरच्या उजव्या कोपऱ्यांत ऋणाग्र दुमडलें होतें. दुसऱ्या बॅटरीचा दोष अगदीं निराळा: धनाग्राच्या जोडकामावर राहिलेले धातूचे कंगोरे पडद्यांतून आरपार गेले होते, आणि कांहीं बॅटऱ्यांत तर संरक्षक पट्टीच बसविलेली नव्हती. म्हणजे रोग एक नव्हे, दोन होते; आणि पहिल्यावरचें औषध म्हणून दिली गेली ती दुसऱ्याची बाधा. या वेळीं कंपनीनें पुरवठादारांवर खापर फोडलें नाहीं. बॅटरी कशी हवी हें आम्हींच ठरविलें होतें, तेव्हां जबाबदारी आमची, असें तिनें मान्य केलें आणि दोषांच्या आकृत्या सर्वांपुढें मांडल्या. सप्टेंबरांतील क्षमायाचनेपेक्षां जानेवारींतील हा कबुलीजबाब अधिक मोलाचा ठरला, असें म्हणावयास हरकत नाहीं. पहिल्या वेळीं अभय मिळालें होतें. दुसऱ्या वेळीं माहिती मिळाली.

मार्चअखेर गॅलॅक्सी एस८ आला व चांगला खपला; ऑगस्टमध्यें नोट ८ आला, तोही खपला. लोक विसरले म्हणावें, तर तसें नाहीं. पण पैसे परत मिळाले होते आणि दोष कशाचा हें समजलें होतें. शिवाय वर्षानुवर्षें ज्या फोनची संवय झाली तो सोडून दुसरीकडे जाण्याचा आळसही माणसास असतोच. चीनमध्यें मात्र गाडें रुळावर आलें नाहीं. तेथें स्वस्त व चांगले स्वदेशी फोन होते, राजकारणही आड आलें होतें, आणि सप्टेंबरांतील भेदभावाची अढी होतीच. चीनमधील आपला शेवटचा फोनचा कारखाना सॅमसंगनें २०१९ सालीं बंद केला.

परत आलेल्या नोट ७ चा मात्र गुमीच्या मालासारखा शेवट झाला नाहीं. जुलै २०१७ मध्यें न वापरलेले फोन व सुटे भाग यांतून तयार केलेला तोच फोन 'फॅन एडिशन' या नव्या नांवानें कोरियांत विक्रीस आला. किंमत सुमारें सात लाख वॉन. चाहत्यांनीं तो घेतलाही. रूप तेंच, कांचही तीच. बॅटरी तेवढी ३५०० ऐवजीं ३२०० ची होती.