काँक

काँक : दक्षिण फ्रान्समधील आव्हेराँ विभागातील (ऑक्सितानी प्रदेश) मध्ययुगीन गाव व ख्रिस्ती तीर्थक्षेत्र. लोकसंख्या सु. ३०० (१९९९). रोदेझ या विभागीय मुख्यालयाच्या वायव्येस सु. ४० किमी.वर, ऊश हा ओढा दूर्दू नदीला मिळतो त्या संगमाच्या वर, दक्षिणाभिमुख डोंगरउतारावर ते वसले आहे. १ जानेवारी २०१६ रोजी काँक, ग्राँ-व्हाब्र, नोआयाक आणि सँ-सिप्रियाँ-स्युर-दूर्दू यांचे एकत्रीकरण होऊन ‘काँक-आँ-रुएर्ग’ हे नवे स्थानिक प्रशासकीय एकक अस्तित्वात आले. त्याची लोकसंख्या सु. १,६०० आहे. प्रस्तुत नोंद जुन्या काँक गावापुरती आहे.

गावाची कीर्ती संत फ्वा हिच्या अवशेषांवर उभी आहे. तिच्या नावाचे चर्च, त्याच्या दर्शनी दरवाजावरील शिल्पपट आणि मठाचा सुवर्णखजिना या तीन गोष्टींमुळे एवढ्याशा गावाला यूरोपीय कलेच्या इतिहासात मोठे स्थान मिळाले.

इतिहास : आठव्या शतकाच्या अखेरीस दादाँ नावाचा तपस्वी या निर्जन दरीत येऊन राहिला. त्याच्याभोवती अनुयायी जमले आणि वस्तीचे बेनिडिक्टाइन मठात रूपांतर झाले. शार्लमेनचा मुलगा लुई द पायस याच्या ८१९ मधील सनदेत या मठाचा उल्लेख आहे. ८३८ मध्ये अ‍ॅक्विटेनचा राजा पहिला पेपँ याने फिझाक येथील जागा मठाला दिली. अरुंद दरीत वाढायला वाव नव्हता, म्हणून भिक्षूंनी तिकडे सपाटीवर यावे, असा हेतू होता. काही भिक्षू गेले, काहींनी जुनी जागा सोडली नाही. पुढे दोन्ही मठांत वडीलकीवरून वाद लागला आणि तो अकराव्या शतकाच्या अखेरपर्यंत धुमसत राहिला.

नव्या शाखेपुढे टिकायचे तर जुन्या मठाला एखाद्या मोठ्या संताच्या अवशेषांची गरज होती. त्या काळी अवशेष म्हणजे यात्रेकरू, यात्रेकरू म्हणजे दाने, आणि दानांतून जमिनी व बांधकामे. फ्वा ही आझँ येथील मुलगी. रोमन सम्राट डायोक्लीशनच्या काळातील छळात, सु. ३०३ मध्ये, ती वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास हुतात्मा झाली, असे परंपरा सांगते. मठाच्या कथेनुसार काँकचा आरिव्हिस्कस नावाचा भिक्षू आझँला जाऊन तेथील धर्मसमुदायात सामील झाला. दहा वर्षे त्याने विश्वास संपादन केला, त्याच्याकडे थडग्याची राखण आली, आणि एका सणाच्या रात्री इतर मंडळी जेवणात असताना त्याने अवशेष काढून काँकला आणले (सु. ८६६). मठाने ही चोरी कधी लपवली नाही. संताच्या इच्छेविना तिला कोणी हलवू शकत नाही, तेव्हा ती आली म्हणजे तिलाच यायचे होते, असा युक्तिवाद मध्ययुगात सर्रास केला जाई.

फ्वाची ख्याती दोन गोष्टींसाठी झाली : अंधांना दृष्टी देणे आणि कैद्यांना सोडवणे. सुटलेले कैदी आपल्या बेड्या काँकला आणून वाहत. त्यांचा ढीग इतका झाला की ते लोखंड वितळवून गाभाऱ्याभोवतीच्या जाळ्या घडवल्या, असे सांगतात. बाराव्या शतकातील या जाळ्या आजही जागेवर आहेत. शार्त्र येथे शिकलेला आंझेचा बेर्नार हा पंडित १०१३ च्या सुमारास येथे आला, तेव्हा सोन्याच्या मूर्तीपुढे लोक लोटांगण घालताना पाहून त्याला ही मूर्तिपूजाच वाटली आणि ज्यूपिटर-डायानाची आठवण झाली. पुढे त्याचे मत पालटले व त्याने फ्वाच्या चमत्कारांचा लॅटिन ग्रंथ रचला. त्यातील फ्वा खोडकर व हट्टी आहे. दागिन्यांची तिला भारी हौस. तूलूझची सरदारपत्नी आर्सँद हिच्या स्वप्नात येऊन ती तिच्या सोन्याच्या पाटल्या मागते. अवशेषांवरील सुवर्णसाज कसा वाढत गेला, हे अशा कथांवरून कळते. ऑक्सितान भाषेतील सर्वांत जुन्या साहित्यकृतींपैकी एक असलेले अकराव्या शतकातील पद्यही याच संतावर आहे.

ल प्वीहून स्पेनमधील सांत्यागो दे कॉम्पोस्तेलाकडे जाणाऱ्या मार्गावरचा मुक्काम म्हणून अकराव्या-बाराव्या शतकांत काँकची भरभराट झाली. फ्वाचा पंथ अ‍ॅल्सेसमधील सेलेस्टा व इंग्लंडपर्यंत पोचला. तेराव्या शतकापासून उतरण लागली. १५३७ मध्ये भिक्षूंचा मठ मोडून त्या जागी धर्माधिकाऱ्यांचे मंडळ आले; १५६८ मध्ये प्रॉटेस्टंट सैनिकांनी चर्चला आग लावली. फ्रेंच क्रांतीत चर्चची संपत्ती वितळवण्यासाठी जप्त होऊ लागली, तेव्हा गावकऱ्यांनी खजिन्यातील वस्तू आपसांत वाटून घेऊन बागांत आणि चेस्टनट वाळवण्याच्या खोपटांत लपवल्या व वातावरण निवळल्यावर परत केल्या, असे सांगितले जाते. फ्रान्समधील बहुतेक मठांचे सोने या काळात नाहीसे झाले, काँकचे राहिले. मठाच्या ओवऱ्या मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दगडांसाठी पाडल्या गेल्या. ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षक असलेला लेखक प्रॉस्पेर मेरीमे १८३७ मध्ये येथे आला. त्याच्या अहवालानंतर १८४० च्या पहिल्या संरक्षित यादीत चर्चचा समावेश झाला. १८७३ मध्ये प्रेमाँत्रे संघाचे भिक्षू आले; चर्चची व्यवस्था अद्याप त्यांच्याकडे आहे. १८७५ मध्ये दुरुस्तीच्या वेळी भिंतीत दडवलेली संताच्या अवशेषांची पेटी सापडली. दर्शनी बाजूच्या मनोऱ्यांचे वरचे भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे आहेत.

संत फ्वा चर्च : रोमनेस्क शैलीतील या चर्चचे काम मठाधिपती ओदोल्रिक (कार. १०३१–६५) याने सुरू केले आणि बेगाँ (कार. १०८७–११०७) व बोनिफास यांच्या काळात ते बहुतांशी पुरे झाले. आराखडा यात्रेकरूंच्या सोयीचा आहे. गाभाऱ्यामागून अर्धवर्तुळाकार प्रदक्षिणामार्ग जातो व त्यालगत छोटी देवघरे आहेत. त्यामुळे भिक्षूंच्या प्रार्थनेत व्यत्यय न आणता गर्दी अवशेषांचे दर्शन घेऊन बाहेर पडे. उतारावर लांबीला जागा नसल्याने सभामंडप आखूड ठेवला आणि उंची सु. २२ मी.पर्यंत नेली, आत शिरताच या उंचीचाच प्रभाव पडतो. पिवळसर चुनखडी, तांबूस वालुकाश्म व करडा शिस्ट असे तीन रंगांचे दगड वापरले आहेत. नक्षीदार स्तंभशीर्षे दोनशेहून अधिक आहेत.

शिल्पपट : पश्चिम दरवाजावरील अर्धवर्तुळाकार पट (रुंदी सु. ६·७ मी., उंची सु. ३·६ मी.) बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. त्यात अंतिम न्यायाचा देखावा असून १२४ आकृती आहेत. मूळ रंगाचे अंश काही ठिकाणी अजून दिसतात. मध्यभागी येशू, त्याचा उजवा हात वर स्वर्गाकडे, डावा खाली नरकाकडे. पाहणाऱ्याच्या डाव्या अंगाला कुमारी मेरी, किल्लीधारी संत पीटर, दादाँ व मठाधिपती अशी रांग असून मठाधिपती एका मुकुटधारी राजाला हाताला धरून नेतो आहे. हा शार्लमेन समजला जातो. त्याची चाल अडखळती आहे आणि मठाच्या आधारानेच तो स्वर्गात शिरतो आहे. दात्यापेक्षा मठ मोठा, हे सांगायला मठाला संकोच वाटलेला नाही. याच अंगाला खाली फ्वा गुडघे टेकून वाकली आहे. ढगातून परमेश्वराचा हात तिच्याकडे येतो व तिच्या मागच्या कमानींना बेड्या टांगल्या आहेत. म्हणजे गावातील चर्चच शिल्पात अवतरले आहे.

नरकाची बाजू जास्त गजबजलेली आहे. सरदार घोड्यासकट डोक्यावर आपटतो. कंजुषाला गळ्यात थैली अडकवून फासावर दिले आहे. चोरून शिकार करणाऱ्याला शिगेला बांधून भाजले जात असून भाजणाऱ्यांत खुद्द ससा आहे. खोटी नाणी पाडणाराही शिक्षा भोगतो आहे. आत्म्यांचे वजन होत असताना सैतान पारड्याला हळूच बोट लावतो. खालच्या पट्टीत स्वर्गाचे दार कुलूप-बिजागऱ्यांसकट आहे आणि त्याला लागूनच नरकाचे जबड्यासारखे तोंड. दोहोंमध्ये एका पातळ भिंतीचे अंतर. पटाच्या बाहेरच्या कमानीवर दगडी फीत हाताने धरून तिच्यामागून डोकावणारे चेहरे आहेत. त्यांना ‘जिज्ञासू’ म्हणतात. लॅटिन पद्यओळी कोरल्या असल्या तरी बहुतेक यात्रेकरूंना वाचता येत नव्हते. पट समजण्यासाठी वाचनाची गरजही नव्हती.

खजिना : यातील प्रमुख वस्तू म्हणजे फ्वाची आसनस्थ मूर्ती (उंची सु. ८५ सेंमी.). यू वृक्षाच्या लाकडी गाभ्यावर सोन्याचा पत्रा चढवला असून आत तिच्या कवटीचा अवशेष आहे. पाश्चिमात्य ख्रिस्ती जगातील टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या अवशेषमूर्तींपैकी ही एक होय. डोके मात्र मुलीचे नाही. ते उत्तर-रोमन काळातील मुखवटा असून थेट समोर पाहणारे डोळे आणि रुंद जबडा यांमुळे ते एखाद्या सम्राटाचे असावे, असा तर्क आहे. अंगावर शतकानुशतके वाहिलेली रत्ने व प्राचीन रोमन कोरीव खडे आहेत. याखेरीज पेपँच्या नावाची अवशेषमंजूषा, बेगाँच्या काळातील फिरती वेदी व ‘शार्लमेनचा अ’ या वस्तू उल्लेखनीय आहेत. शार्लमेनने आपल्या मठांना वर्णमालेतील एकेक अक्षर दिले व पहिले काँकला दिले, ही आख्यायिका. प्रत्यक्षात ही वस्तू सु. ११०० ची आहे.

खिडक्यांच्या काचा : रोदेझ येथे जन्मलेला चित्रकार प्येर सूलाझ (१९१९–२०२२) याने १९८७ ते १९९४ या काळात चर्चच्या १०४ खिडक्यांसाठी काचा केल्या. शालेय वयात हे चर्च पाहिल्यावरच त्याने चित्रकार होण्याचे ठरवले होते. काच रंगहीन व अर्धपारदर्शक असून प्रकाश आत येऊ देते. दिवसाच्या वेळेनुसार तिच्यात निळसर ते नारिंगी छटा उमटतात. पूर्वीच्या चित्रमय काचा काढल्यामुळे आरंभी विरोध झाला.

गाव : मध्ययुगीन तटाची काही दारे शिल्लक आहेत, ‘बारी’ व ‘व्हँझेल’ ही त्यांपैकी. घरांच्या खालच्या भिंती शिस्टच्या, वरचे मजले लाकडी चौकटीत भराव घालून केलेले, आणि छपरांवर कौलांऐवजी दगडी चिपा. शार्लमेन रस्ता दूर्दूवरील पुलाकडे उतरतो. या पुलाला ‘रोमन’ म्हणतात, पण तो मध्ययुगीन आहे. चर्च व पूल या दोन्ही वास्तू १९९८ पासून ‘फ्रान्समधील सांत्यागोचे यात्रामार्ग’ या यूनेस्को वारसास्थळात आहेत. ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे’ या संघटनेचेही (स्था. १९८२) काँक सभासद आहे. ६ ऑक्टोबर हा संत फ्वाचा दिवस. त्या सुमारास मिरवणूक निघते.

अर्थव्यवस्था : पर्यटन हा मुख्य व्यवसाय. पूर्वी उतारांवर द्राक्षे व चेस्टनट होत.

परिसर : दक्षिणेस मार्सियाकच्या द्राक्षबागा असून तेथील तांबड्या वाइनला १९९० पासून मूळस्थानदर्शक संरक्षण आहे. रोदेझ येथे सूलाझ संग्रहालय (२०१४) आहे. जीआर ६५ या पदयात्रामार्गाने पुढे जाताना दकाझव्हील हे कोळशाच्या खाणींचे जुने गाव लागते व नंतर फिझाक येते. काँकच्या भिक्षूंचा वडीलकीचा वाद ज्या मठाशी होता, त्याच्याभोवती वाढलेले हे गाव आज काँकपेक्षा कितीतरी मोठे आहे.