बार्शीचा हिशेब

गावातला नमुना किंवा फोटो दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवून निदान करायचं, तर ते परवडतं का, हा प्रश्न आज सोलापुरात सारखा निघतो. आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीनं तो पंचवीस वर्षांपूर्वी हाताळला होता. त्यातून काय शिकायचं, ते आज आपण पाहू.

बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा अभ्यास सुरू केला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकल्या त्या बायकांच्या नावानं नाही, तर गावांच्या ५२ गटांच्या. एकाच घरात थोरल्या जावेला एक तपासणी आणि धाकटीला दुसरी, हे कसं चालणार? शिवाय गाडी, परिचारिका, घरोघरी समजावणं हा बराचसा खर्च गावामागे होतो.

चार वाटे केले. पहिल्यात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, म्हणजे पॅप. या दोन्हींत नमुना प्रयोगशाळेत जातो. तिसऱ्यात असेटिक ॲसिड लावून जागेवरच डोळ्यांनी पाहणी. चौथ्यात नेहमीचीच सेवा.

२००५ मध्ये खर्चाचा हिशेब छापून आला. डोळ्यांची पाहणी दरडोई सर्वांत स्वस्त, तर एचपीव्ही तिच्या सुमारे तिप्पट. एक रोगी शोधण्याचा खर्चही एचपीव्हीचाच जास्त. तिथंच थांबलो असतो, तर ती तपासणी महाग म्हणून बाजूला पडली असती.

पण अभ्यास आठ वर्षं चालला आणि २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही गटात ३४ मृत्यू, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. गट जवळपास सारखेच, तीस-पस्तीस हजारांचे. बाकी दोन पद्धतींनी मृत्यू ठळकपणे कमी झालेच नाहीत. म्हणजे ‘किती रोगी सापडले’ यावर भागाकार केला तर एक उत्तर, ‘किती जीव वाचले’ यावर केला तर दुसरं.

आता अवघड भाग. हे कळलं ते चौथ्या गटामुळे. तिथल्या बायकांना तपासणी कुठं मिळते ते सांगितलं होतं, दारात मात्र कुणी गेलं नाही. यावर पुढं कडक टीका झाली, आणि ती आपण टाळून चालणार नाही.

तेव्हा नवं यंत्र आलं की दोन गोष्टी आधी विचारू या: भागाकार कशानं करणार, आणि तुलनेच्या गटातल्या माणसाला काय देणार? यंत्राची किंमत त्यानंतर.