वर्धा ते काठमांडू : कोसी करारावरची एक सही

१/ १९ डिसेंबर १९६६. कोसी नदीविषयी भारत आणि नेपाळ यांच्यात सुधारित करार झाला. भारताच्या वतीने सही करणारे गृहस्थ परराष्ट्र सेवेतले नव्हते. ते वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयाचे एकेकाळचे प्राचार्य होते. नाव श्रीमन्नारायण.

२/ महासत्तांशी बोलणी पंतप्रधान करतात; शेजाऱ्यांशी रोजचा व्यवहार बहुधा दुसऱ्या फळीच्या वाट्याला येतो. १९६४ मध्ये परराष्ट्र खात्यात लक्ष्मी मेनन राज्यमंत्री आणि दिनेश सिंह उपमंत्री होते. त्याच वर्षी श्रीमन्नारायण राजदूत म्हणून काठमांडूस गेले.

३/ जन्म इटावाचा, कर्मभूमी वर्धा. ते जमनालाल बजाज यांचे जावई. १९४४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारतासाठी गांधीवादी आर्थिक योजना मांडली. तिला प्रस्तावना खुद्द गांधीजींची. १९५२ मध्ये ते वर्ध्याचे खासदार झाले. पुढे काँग्रेसचे सरचिटणीस, मग नियोजन आयोगाचे सदस्य.

४/ अशा माणसाला नेपाळात का धाडले, हे समजण्यासाठी चार वर्षे मागे जावे लागते. १५ डिसेंबर १९६० रोजी राजे महेंद्र यांनी बी. पी. कोइराला यांचे निर्वाचित सरकार बरखास्त करून त्यांना कैदेत टाकले. नेहरूंनी उघड नापसंती व्यक्त केली.

५/ नेपाळी काँग्रेसचे निर्वासित नेते भारतीय भूमीवरून सशस्त्र लढा चालवू लागले. १९६२ च्या शरदात रक्सौलच्या नाक्यावर नेपाळकडे जाणारा माल अडला. ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले आणि चित्र पालटले : आता दिल्लीलाच काठमांडूची मैत्री हवी होती.

६/ दरम्यान महेंद्रांनी १९६१ मध्येच पेकिंगला जाऊन काठमांडू ते कोदारी या रस्त्याचा करार केला होता. हिमालयाची भिंत ओलांडून तिबेटशी जोडणारा हा मार्ग १९६७ मध्ये खुला झाला. श्रीमन्नारायण यांची कारकीर्द या रस्त्याच्या छायेतच गेली.

७/ भारताचे उत्तरही रस्त्यांचेच होते. सुनौली ते पोखरा हा मार्ग भारताने अंगावर घेतला. तराईतील पूर्व-पश्चिम महामार्गाचा एक टप्पा चीन बांधणार होता. भारताच्या आक्षेपानंतर तो भारताकडे आला आणि चीनला काठमांडू-पोखरा रस्ता मिळाला. महेंद्रांनी दोघांकडूनही रस्ते करून घेतले!

८/ विदर्भाशी जुळलेला एक प्रसंगही याच काळातला. जानेवारी १९६५ मध्ये नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मकरसंक्रांत उत्सवास प्रमुख पाहुणे म्हणून येण्याचे महेंद्रांनी मान्य केले. दिल्लीला हे रुचले नाही. भेट रद्द झाली. वर्ध्याहून आलेल्या गांधीवादी राजदूताच्या काळातच नागपूरचे निमंत्रण दोन सरकारांतील पेच ठरले.

९/ आता कोसी. ही नदी बिहारचा शोक म्हणून ओळखली जाई. १९५४ च्या करारानुसार तिच्यावरचा बंधारा नेपाळच्या हद्दीत, पण भारताच्या खर्चाने उभा राहिला. प्रकल्पासाठी संपादित जमिनीची मालकी मात्र भारताकडे गेली. नेपाळात हा करार म्हणजे देशाची विक्री, अशी टीका झाली.

१०/ एप्रिल १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या उपस्थितीत महेंद्रांनी बंधाऱ्याचे उद्घाटन केले. समारंभ झाला; सल कायम राहिला.

११/ १९६६ च्या सुधारणेने तो सल निवडला. जमिनीची मालकी नेपाळची. भारताला ती १९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. कोसीच्या खोऱ्यातील पाणी गरजेनुसार वापरण्याचा नेपाळचा हक्क मान्य झाला. उरलेले पाणी बंधाऱ्याच्या कालव्यांसाठी.

१२/ बंधारा जागचा हलला नाही. कागदावरचा मालक तेवढा बदलला. लहान शेजाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न नेमका तोच होता. रस्ते चीनही बांधून देत होता. घेतलेला हक्क परत करणे ही गोष्ट एकटा भारतच करू शकत होता.

१३/ या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. श्रीमन्नारायण यांनी १९७० मध्ये आपल्या कारकिर्दीवर पुस्तक लिहिले. त्याच्या उपशीर्षकात खुल्या मुत्सद्देगिरीचा पुरस्कार आहे. पण त्याच कारकिर्दीत, १९६५ मध्ये, शस्त्रपुरवठ्याविषयी दोन्ही देशांत झालेला समझोता गुप्त होता.

१४/ १९६९ मध्ये नेपाळचे पंतप्रधान कीर्तिनिधी बिष्ट यांनी तो समझोता नेपाळवर बंधनकारक नसल्याचे जाहीर केले आणि भारतीय लष्करी पथक परत बोलावण्याची मागणी केली. गुप्तपणे जे मिळवले ते पाच वर्षेही नीट टिकले नाही.

१५/ कोसीचा करार मात्र टिकला. तोही निर्दोष नव्हे : १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळात कुसहा येथे तटबंध फुटला, नेपाळ आणि बिहारमधील लाखो लोक विस्थापित झाले आणि जबाबदारीचा वाद पुन्हा पेटला. तरीही तो वाद आजही याच करारनाम्याच्या चौकटीत घातला जातो. भाडेपट्टा संपेल २१६५ मध्ये.