पापणीची शस्त्रक्रिया : मिटण्याचे मोल

वैद्यकाच्या इतिहासात साधनांचा वृत्तांत विपुल आढळतो. शस्त्र बाजूस ठेवल्यानंतर रोग्याने कंठलेल्या दिवसांचा वृत्तांत मात्र क्वचितच लिहिला जातो. पापणीवरील शस्त्रक्रियेचा विचार या दुसऱ्या अंगाने केला पाहिजे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पक्ष्मकोपावर, म्हणजे पापणीचे केस आत वळून डोळ्यास टोचू लागल्यास, पापणीवरील त्वचेचा यवाकार तुकडा छेदून कडा केसाने शिवण्याची क्रिया सांगितली आहे. आजच्या सौंदर्यशस्त्रक्रियेशी तिचे साम्य उघड आहे. तिचा हेतू मात्र नेत्ररक्षणाचा होता.

वऱ्हाडात हाच हेतू कुष्ठसेवेच्या संदर्भात पुन्हा समोर येतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीस तपोवन स्थापिले. कुष्ठरोगाने चेहऱ्याच्या मज्जातंतूस इजा झाली की पापण्या मिटत नाहीत. त्यातच बुबुळ बधिर झाल्यास धूळ गेल्याची जाणीवही होत नाही आणि व्रण होऊन दृष्टी जाऊ शकते. अशा डोळ्यांसाठी कानशिलावरील चर्वणस्नायूचा पट्टा पापण्यांतून ओवण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आली. ती टाक्यांपाशी संपत नाही. दात आवळले की डोळा मिटतो, हे रोग्यास सरावाने नव्याने शिकावे लागते.

सौंदर्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लेसरचा धागाही महाराष्ट्रास येऊन मिळतो. बारामतीस १९३८ साली जन्मलेले व पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला. हा किरण पेशींतील पाण्याची वाफ करून त्वचा छेदतो व सूक्ष्म रक्तवाहिन्या तिथल्या तिथे बंद करतो. म्हणून रक्तस्राव कमी होतो. तथापि बरे होण्याचा काळ त्याने रद्द केलेला नाही. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते. उशी उंच ठेवावी लागते, थंड पट्ट्या ठेवाव्या लागतात. टाके साधारणतः आठवड्याभरात निघतात, काळेनिळेपणा बहुधा दोन आठवड्यांत ओसरतो, व्रणरेषा फिकी होण्यास महिने लागतात. अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात ऊन व धूळ यांपासून डोळा जपणे अधिकच अगत्याचे ठरते. तीव्र वेदना होऊन दृष्टी मंदावल्यास मात्र क्षणाचाही विलंब न करता शस्त्रवैद्याकडे जावे लागते. कारण डोळ्यामागे रक्त साचल्याचे ते लक्षण असू शकते.

त्वचा प्रमाणाबाहेर काढली गेल्यास सौंदर्यार्थीचा डोळाही कुष्ठरोग्याच्या डोळ्याप्रमाणे उघडाच राहतो. तेव्हा साधन कोणतेही असो, या शस्त्रक्रियेची कसोटी एकच : पापणी पूर्ण मिटते की नाही.