रोमन भूमिविभागाच्या खुणा व विमानांतील लेसरमापन

रोमन लोकांच्या भूमिविभागपद्धतीच्या शोधार्थ विमानांतून केलेलें लेसरमापन हें नवें साधन संशोधकांच्या हातीं आलें आहे. त्याचें प्रमाण कोणत्या मर्यादेपर्यंत ग्राह्य धरावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

रोमन वसाहत स्थापन करितांना प्रथम भूमि मोजली जाई. 'ग्रोमा' नांवाच्या, ओळंबे टांगलेल्या यंत्रानें काटकोन साधून मोजणीदार परस्परांस छेदणाऱ्या रेषा आंखीत. एका दिशेच्या रेषांस 'देकुमानुस' व दुसऱ्या दिशेच्या रेषांस 'कार्डो' म्हणत. १२० रोमन फूट म्हणजे एक 'आक्टुस', व ज्याची प्रत्येक बाजू २० आक्टुस तो चौरस 'केंटुरिया'. हें मान सर्वत्र एकच नसलें तरी विशेष प्रचलित होतें. आजच्या हिशेबानें बाजू सुमारें ७१० मीटर व क्षेत्र सुमारें ५० हेक्टर भरतें.

डेन्मार्कच्या फाल्बे यानें १८३३ मध्यें कार्थेजच्या परिसरांतील अशी आंखणी निदर्शनास आणिली. पुढें ब्रॅडफर्ड यानें दुसऱ्या महायुद्धांतील हवाई छायाचित्रांवरून इटलींतील अपुलिया व डाल्मेशियाचा किनारा येथील चौरस दाखविले. परंतु झाडीखालची भूमि छायाचित्रांत दिसत नाहीं. लेसरचे असंख्य प्रकाशस्पंद खालीं सोडले असतां कांहीं पानांवरूनच परततात, कांहीं फटींतून जमिनीपर्यंत पोंचतात. परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघतें. वनस्पतींवरील बिंदु वगळले म्हणजे उघड्या भूमीचा आकार उरतो. संगणकावर त्या आकारास तिरप्या प्रकाशाची छाया दिली कीं, ढांसळलेल्या दगडी बांधाचा अल्प उंचवटाही दृष्टीस पडतो. क्रोएशियांतील इस्त्रिया द्वीपकल्पांत रोमन आंखणीचे अवशेष या रीतीनें उजेडांत आले आहेत.

येथेंच सावधगिरी पाहिजे. लेसर उंची मोजतो, वय मोजीत नाहीं. मध्ययुगीन शेतकऱ्यानें जुन्या रेषेवर नवा बांध घातला, तर रेषा रोमन व बांध अर्वाचीन अशी स्थिति होते. केवळ सरळपणावरून रोमनत्व सिद्ध करूं जाणें म्हणजे, न्यायशास्त्राच्या परिभाषेंत, सव्यभिचार हेतूवरून अनुमान करणें होय. अंतर ७१० मीटरांच्या पटींत येतें काय, दिशा शेजारच्या ज्ञात आंखणीशीं जुळते काय, हें आधीं पाहावें. आणि काळाचा निर्णय उत्खननानेंच करावा. शिवाय नांगरटीनें सपाट झालेल्या मैदानांत उंचवटाच उरत नाहीं; तेथें पिकांच्या रंगभेदामुळें जुनें छायाचित्रच अधिक उपयोगी पडतें.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. दक्षिण फ्रान्समधील ऑरेंज येथें संगमरवरी शिळांवर कोरलेले भूमिनकाशे सांपडले आहेत. सम्राट् वेस्पासियन याचा इ. स. ७७ चा लेख सांगतो कीं, खाजगी लोकांनीं बळकाविलेली सार्वजनिक भूमि परत मिळविण्यासाठीं नकाशा लावविला. त्या नकाशांत वसाहतवाल्यांस दिलेल्या भूमीबरोबर, मूळच्या त्रिकास्तिनी लोकांस परत केलेल्या भूमीचीही नोंद आहे. रेषा कोठून गेली हें लेसर सांगेल. तिच्या पलीकडे कोण ढकलला गेला, हें तो सांगणार नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, नव्या साधनाचा आदर करावा, पण शिलालेख व कुदळ यांस रजा देऊं नये. इत्यलम्.